बेबीनंदाने न वाजवलेली घंटी

मित्रांनो, मी टेबलावरची एक जुनी पितळी घंटी आहे. घंटी म्हटलं की तुम्हाला देऊळ आठवतं, नाहीतर शाळा सुटल्याचा टोल. त्या दोघी माझ्या थोरल्या बहिणी समजा. त्यांच्या आवाजाने गाव गोळा होतं, माझ्या आवाजाने फक्त एक माणूस येतो. वाटीएवढं माझं अंग, डोक्यावर एक गोल बटण. त्यावर बोट दाबलं की ‘टिंग’. एवढा एकच शब्द मला बोलता येतो, आणि तोही कुणी बोलायला लावला तरच. पण तेवढ्या शब्दावर माणसं किती धावतात ते मी जन्मभर पाहिलं. आणि एकदा तो शब्द उमटलाच नाही म्हणून एक जीव कसा अवघडला होता, तेही पाहिलं. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. थोडी बसून ऐका.

माझा जन्म मुरादाबादच्या एका पितळी सामानाच्या कारखान्यात झाला. तिथून भुश्शात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला आगगाडीत चढवलं. १९८१ सालच्या दिवाळीच्या तोंडावर मी नवीन जालन्याच्या स्टेशनावर उतरले. स्टेशनपासून जवळच एका शेठजींनी सरकी आणि कापसाच्या व्यापाराची नवी पेढी बांधली होती. मागे मोठं गोदाम, पुढे शेठजींची खोली, खोलीत वर काच घातलेलं लाकडी टेबल आणि टेबलावर मी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मलाही हळद-कुंकू लागलं. एवढा मान मिळाल्यावर कुणालाही शिंगं फुटतील, तशी ती मलाही फुटली.

माझ्या पहिल्या आवाजाला जे गृहस्थ धावत आत आले त्यांचं नाव साहेबराव. नाव साहेबराव आणि नोकरी शिपायाची! मुनीमजी यावरून त्यांची रोज थट्टा करायचे. “काय साहेब, जरा पाणी पाजता का?” साहेबराव हसायचे आणि पाणी आणायचे. ते घनसावंगीकडच्या एका बौद्ध घरातले. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण मुलीला शिकवायचंच हे त्यांनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी पेढी उघडली की ते आधी मला उचलायचे, खांद्यावरच्या गमछाने पुसायचे, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसायचे आणि अलगद जागेवर ठेवायचे. इतक्या वर्षांत त्यांनी मला पुसलं कितीतरी वेळा, पण वाजवलं एकदाही नाही. शिपायाने घंटी वाजवायची तरी कुणासाठी?

शेठजी तसे वाईट नव्हते. सणासुदीला कपडे द्यायचे, आजारपणात विचारपूस करायचे. पण त्यांचं बोट फार चपळ. पंखा वाढवायचा, टिंग. चष्मा हाताशी असूनही सापडत नाही, टिंग. खुर्चीखाली पडलेलं पेन, तेही टिंग. दाराबाहेर साहेबरावांचा स्टूल असायचा, पण त्यावर ते बसलेले मला फारसे दिसले नाहीत.

साहेबरावांची मुलगी बेबीनंदा जवळच्याच शाळेत जायची. दुपारच्या सुट्टीत ती पेढीवर यायची आणि त्या स्टुलापाशी बापलेक डबा उघडायचे. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठलं. साहेबरावांनी घास मोडला की नेमकी मी वाजायचे. हातातला घास डब्यात परत ठेवून, हात धुऊन ते आत पळायचे. बेबीनंदा डब्यावर झाकण ठेवून त्यांची वाट पाहत बसायची. एकटीने तिने कधी खाल्लं नाही. एकदा तिने विचारलंच, “नाना, जेवण झाल्यावर गेलं तर चालत न्हाई का?”

“न्हाई बेबी. घंटी वाजली की उठायचंच असतंय.”

“मंग मी मोठी झाल्यावर कुणालाच घंटी वाजवून बोलावणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

साहेबराव हसले आणि तिच्या वेणीची रिबीन सरळ केली. ती मात्र अर्ध्या उघड्या दारातून माझ्याकडे रागाने पाहत होती. मलाही तिचा राग आला. दाबलं की वाजायचं एवढंच माझं काम, त्यात माझा काय अपराध? पण घंट्यांना बाजू मांडता येत नाही.

पुढे विजेची बेल आली. भिंतीत बटण, दाराबाहेर कर्कश आवाज. मला टेबलाच्या खणात टाकलं गेलं, तिथे रबरी शिक्क्यांच्या आणि वाळलेल्या शाईच्या सोबतीने मी वर्षानुवर्षं काळी पडत राहिले. वरून आवाज ऐकू यायचे. साहेबरावांची नोकरी संपली, ते गावी गेले. मग शेठजीही थकले आणि पेढी बंद झाली. खणाला किल्ली होती ती कुठेतरी हरवली. मित्रांनो, अंधारात पडून राहण्याचं मला दुःख नव्हतं. आपण आता कुणाच्याच कामाचे नाही, याचं होतं.

खण उघडला तेव्हा समोर एक अनोळखी चेहरा होता. कपाळावर छोटी टिकली, पांढरा कोट. त्या डॉक्टर उषाबाई. त्यांनी आणि त्यांचे यजमान डॉक्टर बद्रीनाथ यांनी ती इमारत घेऊन तिथे दवाखाना काढला होता. टेबल इमारतीबरोबर आलं आणि टेबलाबरोबर मी. उषाबाईंनी मला चिंच लावून स्वतः घासलं. पुन्हा पिवळीधमक झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, किती छान आहेस तू!” इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं कौतुक केलं. मी टिंग म्हणाले. म्हणजे त्यांनी बटण दाबून पाहिलं म्हणून म्हणाले.

डॉक्टर बद्रीनाथ पोटाची ऑपरेशनं करायचे. पूर्वी त्यासाठी वीतभर पोट उघडावं लागे. आता त्यांनी दुर्बिणीचं ऑपरेशन शिकून घेतलं होतं. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडायची, आत जागा व्हावी म्हणून थोडा गॅस भरून पोट फुगवायचं, एका छिद्रातून दुर्बीण घालायची आणि समोरच्या टीव्हीवर पाहत काम करायचं. आधी पित्ताशय, मग अपेंडिक्स असं करत करत २००६ च्या सुमारास ते वजन कमी करण्याचं ऑपरेशनही करू लागले. त्यात जठराचा आकार लहान करतात. हे काही बारीक दिसण्याच्या हौसेसाठी नसे. ज्यांना वजनामुळे साखरेचा आजार जडला आहे, ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांचा झोपेत श्वास अडतो, अशांसाठी ते होतं.

उषाबाई भूल देणाऱ्या डॉक्टर. ऑपरेशन संपलं की बाकीच्यांचं काम संपायचं आणि उषाबाईंच्या मनाला घोर लागायचा. शुद्धीवर आलेल्या माणसाचं दुखणं कसं शमवायचं? वजनदार माणसाच्या बाबतीत हे फार नाजूक असतं, मित्रांनो. दुखण्याचं जोरदार इंजेक्शन जास्त झालं तर त्याचा श्वास मंदावतो. आणि दुखणं तसंच राहू दिलं तर तो दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. इकडे आड तिकडे विहीर. त्या नवऱ्याला म्हणायच्या, “ऑपरेशन तुमचं चांगलं होतं, पण माणूस बरा होतो तो नंतरच्या दोन दिवसांत.”

म्हणून त्यांनी तीन पद्धती पारखून पाहायचं ठरवलं. काही पेशंटना टाके घालण्यापूर्वी त्या बारीक छिद्रांच्या कडेला बधिर करणारं औषध द्यायचं. काहींना घड्याळ लावून, दुखो न दुखो, ठरल्या वेळी साधं वेदनाशामक द्यायचं. आणि काहींना, त्यांनी सांगितलं की लगेच, सलाईनमधून इंजेक्शन द्यायचं. प्रत्येक पेशंटला आधी समजावून सांगायचं, त्याची संमती घ्यायची. मग कुणाचं दुखणं कमी राहिलं ते पाहायचं. पण दुखणं मोजायचं कसं? ते काही काट्यावर ठेवून तोलता येत नाही. त्यावर त्यांना मी आठवले. ज्याला दुखेल तो घंटी वाजवील. ज्या पद्धतीत घंटी कमी वाजेल ती पद्धत चांगली. आणि मी पुन्हा नोकरीला लागले!

कॉटशेजारच्या स्टुलावर माझी जागा ठरली. आता माझ्या आवाजाने पंखा वाढत नव्हता, कुणाचं तरी दुखणं उतरत होतं. मला फार समाधान वाटे. नाही म्हणायला सर्जेराव नावाच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने माझा जीव मेटाकुटीला आणला होता. त्यांना घड्याळाप्रमाणे औषध चालू होतं, बिलकुल दुखत नव्हतं. पण उशी सरकली, टिंग. क्रिकेटचा स्कोअर काय झाला, टिंग. बाहेर कुणाचा डबा आला, वास तर चांगला येतोय, टिंग. हेड नर्स दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “काका, पोट तुमचं कापलंय का माझे पाय?” सर्जेराव खो खो हसले आणि मग पोट धरून विव्हळले. उषाबाईंनाही हसू आलं. ते हसण्यावारी गेलं. त्या घंटीत एक शिकवण होती, ती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई दाखल झाल्या. अंकुशनगरच्या बाजूला शाळेत शिक्षिका होत्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढत गेलं ते थांबेना. साखर सुरू झाली. गुडघ्यांनी तर असहकारच पुकारला. फळ्यासमोर पाच मिनिटं उभं राहता येईना, म्हणून त्या खुर्चीवर बसून सांगत आणि एखादी मुलगी फळ्यावर लिही. त्यांनी कमी खाऊन पाहिलं, चालून पाहिलं, औषधं घेतली. लोकांचं म्हणणं एकच, जिभेला आवर घाला. हे ऐकून ऐकून त्यांची मान खाली गेली होती. उषाबाईंपाशी त्या एवढंच म्हणाल्या, “मॅडम, मला बारीक न्हाई व्हायचं. मला उभं राहून शिकवायचंय. असंच राह्यलं तर नोकरी सोडावी लागंल.”

मी त्यांना ओळखलं नव्हतं. ओळखलं ते त्यांच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्यामुळे. ते दारातच थबकले, भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “बेबी, ही तर आपल्या शेठजींची खोली!” मग त्यांची नजर माझ्यावर पडली. ते पुढे आले, मला उचललं, गमछाने पुसलं, तोंडाची वाफ दिली, पुन्हा पुसलं. “आरं, ही अजून हाय व्हय?” मित्रांनो, मला डोळे असते तर तेव्हा भरून आले असते. ते साहेबराव होते. आणि त्या शिक्षिका म्हणजे डब्यावर झाकण ठेवून बसणारी बेबीनंदा.

बेबीनंदाच्या वाट्याला मागेल तेव्हा इंजेक्शन ही पद्धत आली. उषाबाईंनी मला तिच्या हाताशी ठेवलं. “बाई, दुखलं की ही दाबायची. लाजायचं नाही, सोसायचं नाही.” बेबीनंदाने मान हलवली. तिनेही मला ओळखलं होतं. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

ऑपरेशन उत्तम झालं. त्या दिवशी ती गुंगीतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भुलीचा आणि आधीच्या औषधाचा अंमल उतरला आणि मला सगळं दिसू लागलं. ती कुशीवर वळायला गेली आणि तिने ओठ दाबून धरले. चादरीचा काठ मुठीत घट्ट धरला. श्वास घेई तो नुसता गळ्यापर्यंत, छाती फुगतच नव्हती. पोटापेक्षाही उजवा खांदा तिला छळत होता, सारखा हात तिथे जात होता. तोच हात एकदा माझ्याकडे आला, बटणावर टेकला आणि परत गेला. मी वाट पाहत होते. दाब ना बाई, दाब. माझ्याकडे तेवढा एकच शब्द आहे, पण तो बोलायला तुझं बोट लागतं.

डॉक्टर राउंडला आले. “रात्रीपासून घंटी एकदाही नाही? वा!” डॉक्टर बद्रीनाथ खूश झाले.

उषाबाईंनी विचारलं, “बाई, दुखतंय का?”

“न्हाई मॅडम. बरं हाय.”

“मग जरा चालू या?”

“चालते थोड्या वेळानं.”

हे ‘बरं हाय’ माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. अंगात ताप असताना साहेबराव शेठजींना हेच सांगत. पण ते मी कुणाला सांगणार? राउंड पुढे गेला. जिला सगळ्यांत जास्त दुखत होतं तिचं दुखणं सगळ्यांत कमी ठरलं होतं.

दुपार झाली. बेबीनंदाच्या कपाळावर घाम जमला होता, श्वास आणखी उथळ आणि भराभर चालला होता. तिचा हात पुन्हा माझ्याकडे आला. यावेळी तिने नक्की दाबलं असतं. पण तेवढ्यात शेजारच्या खोलीत दुर्गाबाईंनी डबा उघडल्याचा आवाज झाला. बेबीनंदाने हात मागे घेतला आणि डोळे मिटले.

तेव्हाच साहेबराव भेटायला आले. दाराबाहेर, जिथे त्यांचा स्टूल असायचा तिथे आता बाकडं होतं. त्यावर पिशवी ठेवून ते आत आले आणि लेकीचं तोंड पाहून तिथेच उभे राहिले. “बेबी, काय व्हून राह्यलं तुला?”

“काही न्हाई नाना.”

“काही न्हाई कसं? दम लागलाय तुला. ती घंटी वाजव ना.”

“सिस्टर जेवून राह्यल्यात, नाना. सकाळपासून उभ्याच होत्या. जेवू द्या त्यांना.”

साहेबराव एकदा बाहेरच्या बाकड्याकडे पाहत होते, एकदा लेकीकडे. जेवताना उठण्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी माझ्याकडे हात आणला. पहिल्यांदा बोट इतकं हळू टेकलं की मी वाजलेच नाही. मग त्यांनी लेकीच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि जोरात दाबलं.

टिंग!

इतकी वर्षं मी वाजले, पण त्या दिवशी जशी वाजले तशी कधीच नाही.

दुर्गाबाई आल्या त्या उष्ट्या हातानेच. साहेबराव हात जोडून म्हणाले, “माफ करा बाई, तुम्हाला जेवणावरून उठवलं.”

“त्याच्यासाठीच बसलेली हाय मी नाना. जेवण कुठं पळून जातंय?” असं म्हणत त्यांनी हात धुतला, बेबीनंदाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारं चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि त्यावरचा आकडा पाहून त्यांचा आवाजच बदलला. “मॅडम! जल्दी या!”

उषाबाई धावत आल्या. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. छातीच्या खालच्या भागात हवा जातच नव्हती. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, बेबीनंदाला बसतं केलं, सलाईनमधून बेताबेताने दुखण्याचं औषध दिलं आणि ते देताना तिच्या श्वासावरची नजर हलवली नाही. “खांदाही दुखतोय ना? घाबरू नका. पोटात भरलेल्या गॅसमुळे आतला पडदा चुरचुरतो आणि ते दुखणं खांद्यात उमटतं. दोन दिवसांत जाईल.” खांद्याला गरम पाण्याची पिशवी दिली. दुखणं जरा उतरल्यावर पोटावर उशी धरून खोकायला शिकवलं, खोल श्वास घ्यायला लावले. संध्याकाळी बेबीनंदा साहेबरावांच्या हाताला धरून व्हरांड्यात चालली. एक फेरी, मग आणखी एक. दुर्गाबाई मागून ओरडत होत्या, “नाना, हळू! तुम्हीच पळून राह्यले!”

आणखी उशीर झाला असता तर न्यूमोनिया झाला असता, असं उषाबाई नंतर डॉक्टरांना म्हणाल्या. त्या फार अस्वस्थ होत्या. दुसऱ्या दिवशी बेबीनंदाच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, “एवढं दुखत होतं तर घंटी का नाही वाजवली?”

बेबीनंदाने मग सगळं सांगितलं. डबा, मोडलेला घास, स्टूल, मी. मग म्हणाली, “आन् मॅडम, दुसरंही एक हाय. एवढी जाड झाले ती माझ्याच करणीनं, असं सगळेच म्हणतात. हे ऑपरेशन मीच हौसेनं करून घेतलं. मंग दुखतंय म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

उषाबाईंनी तिचा हात हातात घेतला. “वजन वाढलं हा तुमचा गुन्हा नाही. आणि असता, तरी त्याची शिक्षा म्हणून दुखणं सोसायचं असं कुणी सांगितलं?” बेबीनंदा रडली. तिला बरं वाटेपर्यंत उषाबाई तिथून उठल्या नाहीत.

जाताना त्यांनी विचारलं, “आता कसं आहे? खरं सांगा.”

बेबीनंदाने विचार केला. “कालच्यापेक्षा बारा आणे कमी हाय. खांद्याचं अजून चार आणे राह्यलं बघा.”

उषाबाई चटकन थांबल्या आणि हसल्या. सोळा आण्यांचा एक रुपया, आणि आमच्या भागात माणूस आजही आण्यांत बोलतो. पाऊस आठ आणे झाला, ताप बारा आणे उतरला. ‘दुखतंय का’ असं विचारलं की इथली माणसं ‘न्हाई’ म्हणून मोकळी होतात, पण ‘रुपयात किती आणे दुखतंय’ असं विचारलं की खरा हिशोब देतात. त्या दिवसापासून दवाखान्यात तसंच विचारायला सुरुवात झाली. आणि तेही नुसतं पडल्या पडल्या नाही. खोल श्वास घ्यायला लावून, खोकायला लावून, दोन पावलं चालवून मग विचारायचं. पेशंटने बोलवायची वाट न पाहता दुर्गाबाईंनी स्वतः जायचं, आणि घरची मंडळी बाहेर गेल्यावर पुन्हा एकदा विचारायचं.

तीन पद्धतींची पारख उषाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. माझ्या आवाजाच्या भरवशावर काढलेला अंदाज त्यांनी सरळ बाजूला टाकला. सर्जेरावांच्या उशीसाठी वाजलेली घंटी आणि बेबीनंदाची न वाजलेली घंटी, दोन्ही त्यात होत्या. पुढे आपल्या पेशंटपुरतं त्यांना असं दिसलं की कुठलीही एक पद्धत एकटी पुरत नाही. छिद्रांपाशी आधीच बधिर करणारं औषध, नंतर वेळच्या वेळी साधं वेदनाशामक, आणि तरीही दुखलं तरच जोरदार इंजेक्शन, तेही थोडं आणि नजर ठेवून. तिन्ही अशा एकत्र केल्या की माणसं लवकर उठून चालू लागतात. कुणाला काय मानवेल ते मात्र त्या दर वेळी नव्याने पाहतात.

आणि माझं काय झालं? कॉटशेजारी बटणाची बेल बसली, अडीअडचणीला. मला तिथून हलवून चौकशीच्या खिडकीत ठेवलं. तिथे माझा फारसा उपयोग नाही, कारण खिडकीत कुणी ना कुणी बसलेलंच असतं. पण खणातल्या अंधारात वाटायचं तसं आता मला वाटत नाही. मी वाजण्याआधीच माणसं उठून दुसऱ्याला विचारायला जातात. घंटीने याहून काय मागावं?

सात-आठ महिन्यांनी बेबीनंदा तपासणीला आली. बसमधून उतरून स्वतः चालत आली होती. वजन बरंच उतरलं होतं, साखरेची एक गोळी बंद झाली होती. पण तिने उषाबाईंना आधी सांगितलं ते निराळंच. “मॅडम, पूर्ण तास उभं राहून शिकवते. फळ्यावर मीच लिहिते.” तिच्याबरोबर साहेबराव होते. नंबर लागेपर्यंत ते खिडकीपाशी उभे राहिले. सवयीने त्यांनी मला उचललं आणि गमछाने पुसू लागले.

“नाना,” बेबीनंदा हसून म्हणाली, “वाजवा एकदा. नावाचे साहेब ना तुम्ही? आता तुमचाच हक्क हाय तिच्यावर.”

साहेबरावांनी बाकड्यावर बसलेल्या सगळ्या पेशंटकडे नीट पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

“काहून वाजवायची?” ते म्हणाले. “कुणाला काही दुखून राह्यलंय का?”

त्यांनी मला वाफ दिली, पुन्हा पुसलं आणि अलगद जागेवर ठेवलं.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. तुम्ही मला पुसा, न पुसा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असं कुणीतरी नक्की असेल, ज्याचा हात घंटीपर्यंत येतो आणि परत जातो. तुम्ही विचारलं तर ते म्हणेल, बरं आहे. त्याच्या पहिल्या ‘बरं आहे’वर उठून जाऊ नका. जरा बसा. रुपयात किती आणे दुखतंय ते विचारा.